कळसूबाईचा माथा जुना, सोलापूरचा खडक नवा

सोलापूरच्या माणसाला डोंगर बघायचा तर आधी गाडीत बसावं लागतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीचं आपलं पठार. मधेच एखादा माळ चढतो, की पुन्हा ज्वारीचं रान. अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या हद्दीवरचं कळसूबाई मात्र १६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच. तरी दोन्हीकडचा दगड एकाच घराण्यातला, बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक. आणि या घराण्यात वडीलकीचा मान कळसूबाईचा आहे. तिच्या माथ्यावरचा खडकसुद्धा आपल्या पायाखालच्या खडकाच्या आधीचा!

हे उलटं वाटतं. लाव्हाचे थर एकावर एक साचले, तर वरचा थर नवा असायला हवा. मग बाराशे मीटर खालचं सोलापूर नवं कसं?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. त्या काळात भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता आणि उद्रेकाला उष्णता पुरवणारा खालचा स्रोत जागच्या जागी होता. त्यामुळे उद्रेकांचा भर हळूहळू दक्षिणेकडे आला आणि नवे थर जुन्या थरांच्या पलीकडे दक्षिणेला, आग्नेयेला पसरले. शिवाय ही सगळी चळत दक्षिणेकडे किंचित कललेली आहे, एक अंशापेक्षाही कमी. पण शेकडो किलोमीटरच्या अंतरात तेवढा कल पुरतो. उत्तरेत उंचावर दिसणारे जुने थर दक्षिणेकडे येता येता जमिनीखाली जातात.

हे उमगलं कसं, हा भाग मला सर्वांत आवडतो. डोळ्यांना सगळा दगड काळाच दिसतो. १९८०च्या दशकात संशोधकांनी सह्याद्रीचे घाट चढत थराथराचे नमुने घेतले आणि त्यांतलं टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांचं प्रमाण मोजलं. त्यावरून थरांचे तीन मोठे उपगट लावले: सर्वांत जुना कळसूबाई, मग लोणावळा, वर वाई. सोलापूरचा खडक या वाई उपगटात मोडतो.

थर जिथे नीट उघडा दिसतो, त्या जागेचं नाव त्याला द्यायचं, ही भूविज्ञानातली रीत. शिखराचं नाव मात्र एका कोळ्याच्या पोरीचं. भांडी घासण्याचं काम करणार नाही, असं तिने आधीच सांगितलं होतं. तरी ते तिच्यावर लादलं, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली, अशी कथा सांगतात. माथ्यावर तिचं देऊळ आहे. आपल्या अटीवर ठाम राहिलेल्या त्या मुलीचं नाव आज जगभरच्या शोधनिबंधांत छापलं जातं, याचा मला फार आनंद वाटतो.

हे शिखर कुणी खालून एकटं वर ढकललेलं नाही. पावसाने आणि ओढ्यांनी भोवतालचे थर कापून नेले, ते उरलं. बारी गावातून चढताना जिथे लोखंडी शिड्या लागतात, ते उभे कडे घट्ट थरांचे. मधल्या उताराच्या जागा ठिसूळ थरांच्या. आपल्याकडे विहीर खणणाऱ्यांना हाच फरक पक्का ठाऊक असतो. वर मुरूम, मग कुठे पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, कुठे पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. दोन थरांमध्ये कधी तांबडा मातकट पट्टा लागतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत हवापाण्याला जो वेळ मिळाला, त्यात ती माती तयार झालेली असते.

पूर्वेकडे ही चळत पातळ होत जाते. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे ३४० मीटरवरच बेसॉल्ट संपला आणि त्याखाली कितीतरी जुना नाइस, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला खडक लागला. सह्याद्रीत तेवढी जाडी एकेका कड्यात उघड्यावर दिसते.