एक्सेलची शीट म्हणजे डेटाबेस नव्हे

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: ‘एक्सेलमध्ये सगळं आहे, म्हणजे आपला डेटाबेस तयार.’ तसं नाही. शीटमध्ये मालकाचं नाव मेंटेनन्स, पार्किंग, पाणी असं तीनदा टाइप होतं. फ्लॅट विकला की एका जागी बदलतं, दोन जागी जुनंच राहतं. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या डेटाबेसच्या रिलेशनल पद्धतीत मालकाची नोंद एकदाच, बाकीचे तक्ते फ्लॅट क्रमांकाने तिला जोडलेले. मालकांच्या तक्त्यात ‘बी-७०२’ दुसऱ्यांदा टाकायला गेलात तर प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख ठरवणारा रकाना, अडवते. नसलेल्या फ्लॅटची पावती फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीशी जोडणारा रकाना, घेऊच देत नाही. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतं, हाही गैरसमजच. एसक्यूलाइट हे डेटाबेस सॉफ्टवेअर अगदी मोफत आहे. फक्त त्यात फॉरेन कीची तपासणी सहसा आपणच चालू करावी लागते, हे विसरू नका.