अंड्यांचे घरगुती पदार्थ (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील सामिष घरांत कोंबडीची अंडी मुख्यतः पोळी, बुर्जी आणि रस्सा या तीन रूपांत ताटात येतात. नुसते उकडून मीठ-मिरपूड लावून खाणे सर्वत्र आहेच.

अंड्याची पोळी म्हणजे कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद घालून फेटलेले अंडे तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजणे. हिला ऑम्लेट किंवा आमलेटही म्हणतात. ‘टोमॅटो ऑम्लेट’ मात्र बेसनाचे धिरडे असते आणि अंडे न खाणाऱ्या घरांतही आवडीने होते. एकाच बाजूने भाजून बलक पातळ ठेवला, की ते हाफ फ्राय.

बुर्जीत कांद्याला कंजूषी चालत नाही. कांदा-टोमॅटो परतून त्यात अंडी फोडतात आणि मोकळी होईपर्यंत हलवत राहतात. मुंबई-पुण्यात गाडीवर ती पावाबरोबर मिळते. घरी चपातीशी खातात. मुंबईतील पारशी घरांतली अकुरी हिच्याच जवळची, पण मुद्दाम ओलसर, मऊ ठेवलेली.

खरी विविधता रश्शात आहे, कारण अंड्याला स्वतःची चव सौम्य असते आणि रश्शाला त्या त्या भागाचा मसाला. कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाला, मालवणात ओल्या खोबऱ्याचे वाटप, खानदेशात काळा मसाला, नागपूरकडे झणझणीत सावजी. उकडलेल्या अंड्यांना चिरा देऊन, हळद-तिखटात परतून ती रश्शात सोडणे ही रूढ पद्धत. दुसरी पद्धत अंडी थेट उकळत्या रश्शात फोडण्याची. ती अधिक चवदार म्हणायला हवी. रस्सा नेहमीपेक्षा दाट हवा. आच मंद करून एकेक अंडे कडेने अलगद सोडतात, झाकण ठेवतात आणि पांढरा घट्ट होईपर्यंत पळी अजिबात लावत नाहीत. घाई केली तर अंडे फुटून रस्सा गढूळ होतो. नीट जमले तर पांढऱ्याच्या खडबडीत कडांत मसाला अडकतो. गुळगुळीत उकडलेल्या अंड्याला ते साधत नाही. भाकरी कुस्करून खाण्यासाठी हाच रस्सा. पारशी ‘पर ईडू’तही अशीच अंडी फोडतात, फक्त रश्शाऐवजी भेंडी, बटाटा किंवा टोमॅटोच्या भाजीवर, आणि झाकणाखाली वाफेवर शिजवतात.

गावठी अंडी लहान असली तरी त्यांना मान जास्त आणि किंमतही. अंडे शिळे होत जाते तशी त्यातील हवेची पोकळी वाढते. म्हणून ताजे अंडे पाण्यात तळाशी आडवे राहते, जुने उभे होते किंवा तरंगते. अगदी ताज्या अंड्याचे कवच मात्र उकडल्यावर सहज सुटत नाही. जास्त वेळ उकडले तर पांढऱ्यातील गंधक व बलकातील लोह यांच्या संयोगाने बलकाभोवती हिरवट कडे येते. ते अपायकारक नाही.

काही घरांत मटण-मासे शिजत नाहीत, पण अंडी चालतात, तीही वेगळ्या तव्यावर. श्रावणात बहुतेक सामिष घरेही अंडी बंद करतात. रोज अंडे खाण्याचा प्रचार १९८२ साली स्थापन झालेल्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने जाहिरातींतून केला.