सुई न टोचता निदान, आणि मग यंत्राची नजर

कर्करोगाचा संशय आला की गाठीचा तुकडा काढून तपासायचा, हा वैद्यकातला रिवाज. यकृताच्या सर्वांत नेहमीच्या कर्करोगाला, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाला, त्यातून बरीच सूट मिळाली आहे. सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट झालेल्या, रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये ठरावीक खुणा दिसल्या, तर बहुधा असा तुकडा काढणं, म्हणजे बायोप्सी, लागतच नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रात शिरली ती याच दारातून.

खुणांचं मूळ रक्तपुरवठ्यात आहे. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, उरलेलं धमनीतून. ही गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्त उठून दिसावं यासाठीचं द्रव्य, शिरेत टोचल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने ती उजळते, आणि पुढे भोवतालचं यकृत उजळू लागलं की तीच फिकी पडते.

स्कॅनच्या या खुणांआधी भिस्त होती रक्तातल्या अल्फा-फीटोप्रोटीन या प्रथिनावर. १९६३-६४मध्ये सोव्हिएत संशोधक आबेलेव्ह आणि तातारिनोव्ह यांनी त्याचा या कर्करोगाशी संबंध दाखवला; पण अनेक रुग्णांत ते वाढतच नाही. २००० साली बार्सिलोनात युरोपीय तज्ज्ञांनी बायोप्सीविना निदानाचे निकष मांडले. २०११मध्ये अमेरिकेत स्कॅनमधल्या गाठींना एक ते पाच अशी श्रेणी देणारी ‘लाय-रॅड्स’ ही पद्धत आली. तिच्यात एक म्हणजे नक्की निरुपद्रवी, पाच म्हणजे नक्की हाच कर्करोग.

इतकी नियमबद्ध नजर यंत्राला शिकवण्याचा मोह होणारच. यकृत आणि त्यातल्या गाठी यंत्राकडून आखून घेण्याच्या २०१७च्या ‘लिट्स’ स्पर्धेत सरावासाठी १३१ सीटी स्कॅन खुले केले गेले. यकृताची कड यंत्रांनी जवळपास अचूक आखली. गाठींपाशी, विशेषतः लहान गाठींपाशी, ती अडखळली. २०१८मध्ये टोकियोच्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्ककडून, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याकडून, यकृतातल्या गाठींचे पाच गट ओळखून घेतले.

अडचण वेगळीच आहे. बायोप्सीच झालेली नसेल, तर यंत्राला शिकवायचं ‘बरोबर उत्तर’ आणायचं कुठून? पुष्कळदा ते रेडिओलॉजिस्टचं मतच असतं. म्हणजे ज्याच्या पुढे जायचं, त्याच्याच वहीतून धडे गिरवायचे!

गाठीचा तुकडा काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर उत्तर पक्कं असतं, पण तिथेही पेच आहेच. २०२०मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने असे तुकडे तपासणाऱ्या ११ डॉक्टरांना, म्हणजे पॅथॉलॉजिस्टना, यकृताच्या दोन कर्करोगांतला फरक ओळखायला यंत्राची मदत दिली. यंत्र बरोबर असताना त्यांची अचूकता वाढली. ते चुकलं तेव्हा त्यांचीही घसरली.