प्रलयोत्तर मालिका : प्रेक्षकांचे अभिप्राय, विशेषतः खानदेशातील

महामारी, अणुस्फोट, वीज कायमची जाणे किंवा अशाच एखाद्या आपत्तीने चालते जग मोडल्यावर मागे उरलेली माणसे कशी जगतात, हे भागामागून भाग दाखवणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकेला प्रलयोत्तर मालिका म्हणतात. नावात प्रलय असला तरी तो बहुधा पहिल्या एकदोन भागांतच उरकतो. पुढचा सारा पसारा अन्न, पाणी, औषध, कुंपण आणि कुंपणाबाहेर उभा असलेला अनोळखी माणूस यांचा असतो. त्यामुळे नंतरचा संसार पटतो की नाही, यावरच प्रेक्षकांचे अभिप्राय मुख्यतः ठरतात. कोरडवाहू शेती, रात्रीबेरात्रीची लाइट आणि ओस पडलेल्या गावांच्या आठवणी ज्या मुलखात घरोघर आहेत, त्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या खानदेशात ही कसोटी अंमळ कडक लावली जाते.

या प्रकारातील सुरुवातीच्या महत्त्वाच्या मालिकांपैकी ‘सर्व्हायव्हर्स’ ही ब्रिटनच्या बीबीसीवर 16 एप्रिल 1975 रोजी सुरू झाली आणि 1977 पर्यंत तिचे 38 भाग झाले. प्रयोगशाळेतून निसटलेल्या रोगाने बहुतेक माणसे मरतात आणि उरलेल्यांना शेती, मीठ, साबण येथपासून सगळे नव्याने शिकावे लागते, असे तिचे कथानक. तिचे जनक टेरी नेशन आणि निर्माते टेरेन्स डडली यांचे मालिकेच्या दिशेवरून पटले नाही आणि पहिल्या पर्वानंतर नेशन बाजूला झाले. दुसऱ्या पर्वात मंडळी एका शेतवाडीवर स्थिरावतात. मालिका इथे नांगराच्या तासात रुतली, असे काही प्रेक्षक म्हणतात. काहींना तीच तिची कमाई वाटते. प्रस्तुत लेखक दुसऱ्या गटातला आहे.

प्रेक्षकांच्या मताने निर्णय फिरल्याचे ठळक उदाहरण ‘जेरिको’ या अमेरिकी मालिकेचे आहे. अमेरिकेतील 23 शहरांवर अणुस्फोट झाल्यानंतर कॅन्सस राज्यातील एका लहान शेतकरी गावाचे काय होते, याची ही कथा सप्टेंबर 2006 मध्ये सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. मे 2007 मध्ये वाहिनीने ती बंद केल्याचे जाहीर करताच चाहत्यांनी कचेरीवर सुमारे 20 टन शेंगदाणे पाठवले. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागातील शरणागती नाकारणाऱ्या ‘नट्स’ या एकशब्दी उत्तराचा इंग्रजीत अर्थ ‘दाणे’ असाही होतो, म्हणून ही निवड. वाहिनी नमली आणि 2008 मध्ये आणखी सात भाग दाखवले गेले. पुढे मालिका कायमची थांबली. भाजीपासून ठेच्यापर्यंत सर्वत्र दाण्याचे कूट घालणाऱ्या खानदेशी माणसाला निषेधाची ही तऱ्हा खर्चिक पण समजण्यासारखी वाटते. या मालिकेत जेरिकोकडे मीठ आणि शेजारच्या न्यू बर्नकडे पवनचक्क्या, असा सौदा होतो आणि त्यातून वैर पेटते. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा रोज पाहणाऱ्या प्रेक्षकाला तो भाग आपल्याकडचाच वाटावा, इतका ओळखीचा आहे.

‘द वॉकिंग डेड’ ही चालत्या प्रेतांनी ग्रासलेल्या जगाची, या प्रकारातील सर्वांत गाजलेली अमेरिकी मालिका 31 ऑक्टोबर 2010 ते 20 नोव्हेंबर 2022 या काळात 11 पर्वे आणि 177 भाग चालली. ऑक्टोबर 2014 मध्ये पाचव्या पर्वाचा पहिला भाग अमेरिकेत सुमारे 1 कोटी 73 लाख लोकांनी पाहिला. सहाव्या पर्वाच्या अखेरीस कोण मारला गेला हे न दाखवता पडदा पाडल्याने प्रेक्षक चिडले. 23 ऑक्टोबर 2016 रोजी ते उघड झाले, ते दोन आवडत्या पात्रांच्या अतिशय क्रूर हत्येने, आणि त्यानंतर प्रेक्षकसंख्या उतरणीला लागली. हिंसेचा अतिरेक हे कारण तेव्हापासून सांगितले जाते. त्याखेरीज दुसरीही एक तक्रार अनेक वर्षे चालू राहिली: जग बुडाल्यावरही अंगणातले गवत कापलेले दिसते आणि गाड्यांना पेट्रोल मिळतच राहते. साठवलेले पेट्रोल काही महिन्यांपासून वर्षभरात खराब होऊ लागते, त्यामुळे ही तक्रार रास्त आहे. एनबीसीच्या ‘रेव्होल्यूशन’ (2012–2014) मालिकेत वीज जाऊन 15 वर्षे झालेली असतात, तरी पात्रांचे कपडे स्वच्छ आणि केस नीटनेटके असत. तिच्यावरचा मुख्य आक्षेप तोच होता. भारनियमनाच्या काळात चिमणीच्या उजेडात अभ्यास केलेल्या पिढीला पात्रांच्या कॉलरी विशेष खटकतात.

जानेवारी 2023 मध्ये एचबीओवर सुरू झालेल्या ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेने वाद वेगळ्या बाजूला नेला. 2013 च्या व्हिडिओ गेमवर आधारलेल्या या कथेत मुंग्यांच्या शरीराचा ताबा घेणाऱ्या कॉर्डिसेप्स गटातील बुरशीची माणसांना लागण होते. अशी बुरशी निसर्गात खरोखर आहे. मात्र बहुतेक बुरश्यांना माणसाच्या शरीराचे तापमान सोसत नाही, म्हणून मालिकेने तापत्या पृथ्वीबरोबर बुरशीही उष्णता सोसायला शिकली, असा दुवा जोडला आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या जळगाव-भुसावळकडच्या प्रेक्षकाने यावर थट्टा केली नसती तरच नवल. लागण दूषित पिठातून पसरल्याचे मालिका सूचित करते, आणि इथे खानदेशी घरातला आक्षेप थेट दळणाच्या डब्याशी येऊन थांबतो: जे घर ज्वारी-उडीद आपल्या डोळ्यांदेखत गिरणीतून दळून आणते आणि कळण्याची भाकरी खाते, ते या साथीत किती दिवस टिकले असते? प्रश्न विनोदाने विचारला जातो, पण मालिकेच्या तर्काची तपासणी त्यात पुरी आहे. दोन प्रौढ पुरुषांच्या सहजीवनाला वाहिलेल्या तिसऱ्या भागावर, आणि पुढे एप्रिल 2025 मध्ये दुसऱ्या पर्वात नायक जोएलच्या मृत्यूवर, जगभरच्या प्रेक्षकांत उघड दोन तट पडले.

खानदेशातील अभिप्रायांना जी धार आहे, तिच्यामागे इतिहास आहे. 1630 मध्ये सुरतेहून आग्र्याकडे निघालेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरकडे गेला, तेव्हा त्याने वाटेवर पडलेली प्रेते आणि अन्नासाठी उकिरडे उकरणारी माणसे नोंदवली. पुढे होळकरांच्या फौजांची धामधूम आणि लगोलग 1803–04 चा दुष्काळ यांनी प्रदेश इतका उजाड झाला की 1818 मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा कित्येक गावे ओस होती, शेतांवर रान माजले होते आणि वाघांचा उपद्रव होता. ज्या गावात दिवा लागत नाही, त्याला महसुली भाषेत ‘बेचिराख’ म्हणत. प्रलयोत्तर या शब्दाला याहून नेमका देशी प्रतिशब्द सापडणे कठीण. 1918 च्या इन्फ्लुएंझाला लोकांनी मानमोडी हे नाव दिले. 1972 चा दुष्काळ तर नुसता ऐकीव नाही: दुष्काळी कामावर खडी फोडलेले, मदतीची सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाल्लेले हात आज रिमोट धरून आहेत.

साक्री तालुक्यातील एका घरात पाहिलेला प्रसंग येथे नोंदवणे उपयुक्त ठरेल. ओट्यावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर नातू अशीच एक मालिका हिंदी डबिंगमध्ये पाहत होता आणि आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत अर्ध्या नजरेने पाहत होती. पडद्यावर कुंपणाच्या आत हिरवीगार भाजी डोलत होती. आजी म्हणाली, “हाई सर्वं बरं शे, पन यासनी बियानं कथाईन आनं?” हे सगळे ठीक, पण यांनी बियाणे कुठून आणले, हा तो प्रश्न. नातवाने दुकानातून लुटले असेल असे सुचवले. तेव्हा दुसऱ्या वर्षीचे काय, असे तिने विचारले आणि पुढची शेंग फोडली.

हा प्रश्न वरवरचा नाही. कपाशीचे बियाणे शेतकरी आज दरवर्षी विकत घेतो. संकरित वाणाचे बी राखून पुढल्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही. यावल-रावेर पट्ट्यातील केळी मुनव्यांवर वाढत राहील, पण तिला पाणी देणारे शेकडो फूट खोल बोअर विजेविना मुके होतील. मोट हाकायची तर बैलजोडी हवी, आणि ती दारात उरलेली घरे थोडी. बंदुकीची गोळी कुठून आली, हे या मालिका बारकाईने सांगतात. बियाण्याच्या पिशवीचा हिशेब त्या क्वचितच देतात. खानदेशातील शेतकरी प्रेक्षकाचा मुख्य आक्षेप इथेच आहे आणि पटकथाकारांनी तो ऐकायला हवा होता.

माणसांच्या वागण्याविषयी मात्र मतभेद आहेत. संकटात शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखतो, हे तरुण प्रेक्षकांना बहुधा पटते. वडीलधारे म्हणतात की परक्याआधी भाऊबंदकी उठेल, आणि वेशीवर आलेल्याला पाणी देऊन मगच कोण-कुठला विचारले जाईल. 2020 च्या टाळेबंदीत गावोगावी रस्त्यावर काटे टाकून वेशी बंद झाल्या होत्या, हे कोणी दाखवून दिल्यावर हा वाद थोडा वेळ थांबतो.

‘स्टेशन इलेव्हन’ ही दहा भागांची मालिका (2021–22) यांत वेगळी पडते. फ्लूच्या साथीने जग संपल्यावर वीस वर्षांनी एक फिरती नाटकमंडळी मोठ्या सरोवरांच्या काठाने शेक्सपिअरचे खेळ करत हिंडते. तिचे चित्रीकरण 2020 मध्ये सुरू होऊन खऱ्याच महामारीमुळे खंडित झाले होते. संथ म्हणून अनेकांनी ती अर्ध्यावर सोडली. तमाशाचे फड आणि वहीगायन या लोकगायनाची परंपरा असलेल्या प्रदेशात मात्र तिच्याविषयी आपुलकीने बोलणारे भेटतात, कारण बाकीच्या मालिकांत जी उणीव त्यांना जाणवते ती येथे भरून निघते. एरवी या उद्ध्वस्त जगांत सण नसतो, पितरांचा दिवस नसतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरणाऱ्या घराला हे अनैसर्गिक वाटते. ओस पडलेल्या गावठाणातही मारुती शिल्लक असतो, आणि शनिवारी शेजारच्या गावाहून कोणीतरी बाटलीत तेल घेऊन तिथे जाते.