टचपॅड बंद करायची सोय प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी का?

लॅपटॉपचं टचपॅड बंद कसं करायचं, हे विचारलं की उत्तरं भलतीच वेगवेगळी मिळतात. कुणी सांगतं एफएन ही कळ धरून एफ७ दाबा, कुणी एफ९. कुणी म्हणतं पॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारा. कुणी सेटिंगमध्ये पाठवतं, तर कुणी थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या लॅपटॉपवर बरोबर असतं. एवढ्याशा कामाला इतक्या वाटा फुटल्या, कारण टचपॅड सुरुवातीची अनेक वर्षं संगणकाला ‘मी माऊस आहे’ असंच सांगत राहिलं. आणि माऊस आपोआप हाताखाली येत नाही, त्यामुळे तो बंद करायची सोय ठेवावी असं कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

आधी जागेची गोष्ट. बोटाने सरकवायची पट्टी लॅपटॉपवर १९८३च्या गॅव्हिलान एससीमध्ये दिसते आणि १९८९मध्ये सायन कंपनीच्या एमसी मालिकेत खरंखुरं टचपॅड येतं. पण ते कीबोर्डच्या वर, म्हणजे पडद्याच्या बाजूला होतं. टाइप करताना तळहात तिथे पोचण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हाच्या बहुतेक लॅपटॉपांत कीबोर्ड अगदी पुढच्या कडेला असायचा आणि मनगटं टेबलावर टेकलेली असायची.

ही मांडणी ऑक्टोबर १९९१मध्ये ॲपलच्या पॉवरबुकने उलटवली. कीबोर्ड मागे, पडद्याकडे ढकलला, पुढे तळहात टेकायला मोकळी जागा ठेवली आणि तिच्या मधोमध ट्रॅकबॉल, म्हणजे बोटाने फिरवायचा गोळा, बसवला. हातांना आराम मिळाला आणि बघता बघता सगळ्या कंपन्यांनी हीच रचना उचलली. ट्रॅकबॉल तिथे शोभतही होता, कारण तळहात ओझरता लागला म्हणून गोळा सहसा फिरत नाही. गोळ्यात धूळ मात्र साचायची.

तीन वर्षांत, मे १९९४मध्ये, पॉवरबुक ५०० मालिकेत ट्रॅकबॉलच्या त्याच जागी सपाट पॅड आलं. त्यामागचं तंत्र जॉर्ज गेरफाइड यांचं होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ते विकसित केलं आणि पुढे सर्क ही कंपनी काढली. दुसऱ्या बाजूला सिनॅप्टिक्स ही कंपनी होती. इंटेलच्या ४००४ या चिपमागचे फेडेरिको फाजिन यांनी कार्व्हर मीड यांच्याबरोबर १९८६मध्ये ती सुरू केली, तीही मेंदूसारखं शिकणारी सर्किटं बनवण्यासाठी! पैसा आणि नाव मिळालं ते टचपॅडने. नव्वदचं दशक संपेपर्यंत ट्रॅकबॉल लॅपटॉपवरून जवळजवळ गेला.

पॅडने गोळ्याची जागा घेतली, पण ओझरत्या स्पर्शाकडे दुर्लक्ष करण्याचा गोळ्याचा गुण घेतला नाही आणि कटकट तिथूनच सुरू झाली. पॅडच्या पृष्ठभागाखाली उभ्या-आडव्या विद्युतवाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली धारकता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते आणि त्या बदलावरून बोटाची जागा काढली जाते. दाब लागत नाही, हलणारा भाग नाही, धूळ नाही. पण त्या जाळीला तर्जनी काय, तळहात काय आणि अंगठ्याची कड काय, सगळी कातडी सारखीच. त्यात टिचकीने क्लिक करण्याची सोय आली. नुसता कर्सर सरकला असता तर चाललं असतं. टिचकीमुळे मात्र टाइप करता करता अंगठा पॅडला लागला की वाक्याचा उरलेला अर्धा भाग तीन ओळी वर जाऊन पडतो. कधी मधला मजकूर निवडला जातो आणि पुढचं अक्षर दाबताच तो सगळाच जातो. टचपॅड बंद करावंसं वाटणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं भांडण खरं तर पॅडशी नसतं, या टिचकीशी असतं. ती बंद केली तरी निम्मं काम होतं, असं माझं मत.

पॅड नको म्हणणारा आणखी एक गट होता आणि तो फार हट्टी होता. आयबीएमने ऑक्टोबर १९९२च्या थिंकपॅड ७००सीमध्ये जी, एच आणि बी या अक्षरांच्या मधे एक लाल दांडी बसवली. टेड सेल्कर यांचं हे काम. बोटं कीबोर्डवरून न उचलता कर्सर हलवता यावा, हा त्यामागचा विचार. या दांडीची सवय लागलेल्यांना पॅड म्हणजे अडगळ. २००२मध्ये थिंकपॅड टी३०वर दांडी आणि पॅड दोन्ही एकत्र मिळू लागले. थिंकपॅडच्या बायोसमध्ये पॅड कायमचं बंद करायची नोंद असते, ती याच मंडळींच्या कामाची. २०१३च्या टी४४०मध्ये दांडीची वेगळी बटणं काढून टाकली आणि पॅडच्या वरच्या पट्टीलाच बटणांचं काम दिलं, तेव्हा हा गट इतका चिडला की २०१५च्या टी४५०मध्ये बटणं परत आली. पॅड बंद करायचं पण त्याच्या वरच्या कडेने क्लिक मात्र करायचं, असलं त्रांगडं त्या मधल्या काळात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना सोडवावं लागलं.

आता माऊसच्या सोंगाकडे येऊ. आयबीएमने १९८७मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर माऊससाठी जी जोडणी आणली, तीच लॅपटॉपच्या आत टचपॅडलाही वापरली गेली. फायदा उघड होता: कुठल्याही सिस्टिमवर, वेगळं काहीही न घालता पॅड चालू व्हायचं. पीएस/२ माऊस दर वेळी तीन बाइट पाठवतो, त्यात आडवं किती सरकलं, उभं किती सरकलं आणि कुठलं बटण दाबलं एवढंच असतं. पॅडला ठाऊक असलेलं बाकी सगळं, म्हणजे बोट नेमकं कुठे आहे, स्पर्श किती रुंद आहे, किती जोराचा आहे, हे या तीन बाइटांत मावत नाही. म्हणजे तळहात ओळखायला लागणारी माहिती पॅडकडे असायची, पण ती विंडोजपर्यंत पोचायचीच नाही.

यावर सिनॅप्टिक्सने केलेली युक्ती मला फार आवडते. त्यांच्या पॅडला संदेश द्यायचा तर ड्रायव्हर, म्हणजे पॅड चालवणारं सॉफ्टवेअर, माऊसची ‘रिझोल्यूशन ठरव’ ही साधी आज्ञा लागोपाठ चार वेळा पाठवायचा आणि प्रत्येक वेळी दोन बिट सरकवायचा. चार वेळचे आठ बिट मिळून एक बाइट. साध्या माऊसला वाटणार, कुणीतरी चारदा तेच ते सांगतंय. सिनॅप्टिक्सचं पॅड मात्र ही खूण ओळखून सोंग टाकायचं आणि सहा बाइटांत जागा, दाब आणि रुंदी पाठवू लागायचं.

पण खूण फक्त त्या त्या कंपनीच्या ड्रायव्हरलाच माहीत. सिनॅप्टिक्सची वेगळी, आल्प्स आणि इलॅन या दुसऱ्या पॅड बनवणाऱ्या कंपन्यांची आणखी वेगळी. म्हणून पॅड बंद करायचा पर्यायही त्या ड्रायव्हरच्या पोटात गेला आणि माऊसच्या सेटिंगमध्ये कंपनीच्या नावाचा एक जादा टॅब दिसू लागला. बाहेरचा यूएसबी माऊस लावला की आतलं पॅड आपोआप बंद व्हावं, हा पर्याय याच टॅबमध्ये रुळला. यूएसबीमुळे माऊस चालू संगणकाला लावता येतो आणि लावल्याचं सिस्टिमला लगेच कळतं, म्हणून तो शक्य झाला. त्यालाही एक खोट आहे. वायरलेस माऊसचा छोटा रिसीव्हर पोर्टमध्ये विसरला, तर माऊस घरी असला तरी पॅड बंदच राहतं, कारण सिस्टिमच्या लेखी रिसीव्हर हाच माऊस.

विंडोज नव्याने टाकलं आणि कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा राहिला, की हा टॅब गायब. पॅड पुन्हा ‘पीएस/२ माऊस’. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, जावं तर तिथला ‘बंद करा’ पर्याय अनेकदा फिकट पडलेला.

मग लॅपटॉप बनवणाऱ्यांनी आपापल्या वाटा काढल्या. एफएनबरोबरच्या कळांचा कुठलाही ठरलेला नियम नव्हता, त्यामुळे एसरने एफ७ घेतली, एसुसने एफ९, इतरांनी मोकळी सापडली ती. एचपीने कोपऱ्यात एक बारीक दिवा दिला आणि तिथे दोनदा टिचकी मारली की पॅड बंद. ही सोय जितकी हाताशी, तितकीच चुकून घडणारी. आवाज कमी करताना शेजारची कळ लागते, पॅड मरतं आणि माणूस दुरुस्तीला निघतो.

या कळांचं पुढे काय झालं ते लिनक्सच्या बाजूने पाहण्यासारखं आहे. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, टचपॅडच्या कळेला स्वतःचा क्रमांक मिळाला, पण तो ५३०, आणि एक्स११ या जुन्या चित्रप्रणालीला २५५च्या पुढच्या कळा कळतच नाहीत. मग एफ२१, एफ२२ आणि एफ२३ या कळा त्या कामाला लावल्या. नेहमीच्या कीबोर्डवर त्या नसतातच, म्हणून कुणाची हरकत आली नाही.

विंडोजमध्ये सोंग उतरलं ते २०१३मध्ये, विंडोज ८.१बरोबर. मायक्रोसॉफ्टने प्रिसिजन टचपॅड नावाचा ठरीव नमुना आणला. यात पॅड स्वतःची ओळख टचपॅड म्हणूनच देतं, बोटांची कच्ची माहिती थेट विंडोजला पोचवतं आणि तळहात कुठला, बोट कुठलं हे विंडोज ठरवतं. चालू-बंदचं बटण आणि ‘माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा’ हा पर्याय विंडोजच्याच सेटिंगमध्ये आला. अर्थात जुन्या ड्रायव्हरचे लॅपटॉप त्यानंतरही पुष्कळ विकले गेले, म्हणून आजही एकाच्या सेटिंगमध्ये हे बटण असतं आणि दुसऱ्याच्या नसतं.

ॲपलकडे हार्डवेअर आणि सिस्टिम दोन्ही स्वतःचं, त्यामुळे हा घोळ झाला नाही. तरी मॅकवर साधं ‘बंद करा’ बटण नाही. माऊस किंवा बिनतारी ट्रॅकपॅड जोडलेलं असेल तर अंगचं ट्रॅकपॅड दुर्लक्षित करा, एवढाच पर्याय आहे आणि तोही ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर. पॅड बंद आणि हाताशी माऊस नाही, अशा कोंडीत माणूस सापडत नाही. टिचकीने क्लिकही तिथे मुळात बंद असतं. लिनक्सवर माऊस-टचपॅड सांभाळणाऱ्या लिबइनपुट या सॉफ्टवेअरनेही बहुतेक यंत्रांवर तेच धोरण ठेवलं आहे: ज्याला टिचकी हवी असते त्याला ती कुठे चालू करायची हे बहुधा ठाऊक असतं, पण ज्याला तिची कल्पनाच नाही त्याला संगणक बिघडल्यासारखा वाटतो.

दरम्यान पॅड मोठी होत गेली. ॲपलने २००८मध्ये वेगळं बटण काढून अख्खी काच दाबता येईल असं केलं आणि २०१६च्या १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये पॅड आधीच्या दुप्पट झालं. एवढं पॅड तळहाताला लागणारच, म्हणून पूर्ण बंद करण्यापेक्षा टाइप करताना तेवढ्यापुरतं बंद ठेवण्यावर भर आला. लिनक्सवरचा सिनडीमन हा जुना प्रोग्रॅम शेवटची कळ दाबल्यानंतर दोन सेकंद पॅड अडवून धरायचा. लिबइनपुट पहिल्या कळेनंतर फक्त २०० मिलिसेकंद आणि टाइपिंग चालूच राहिलं तर ५०० मिलिसेकंद थांबतं. कंट्रोल, शिफ्टसारख्या कळा ते मोजत नाही, कारण त्या धरून क्लिक करायची वेळ येते.

खेळ खेळणाऱ्यांची मात्र यात पंचाईत झाली. डाव्या हाताने डब्ल्यू, ए, एस, डी धरून चालायचं आणि उजव्या हाताने पॅडवरून नेम धरायचा, तर सिस्टिमला वाटतं टाइपिंग चाललंय आणि ती पॅड गोठवते. त्यामुळे हे लोक आता सेटिंगमध्ये जातात ते टचपॅड बंद करायला नाही, तर त्याचं आपोआप बंद होणं बंद करायला.