ऑस्टिन सेव्हनच का उरली?

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश छोट्या गाड्या जमल्या की ऑस्टिन सेव्हन ओळीने उभ्या दिसतात. ट्रायम्फ सुपर सेव्हन मात्र शोधावी लागते. १९२७ साली आलेल्या या ट्रायम्फला हायड्रॉलिक ब्रेक होते. ऑस्टिनचे ब्रेक म्हणजे गाडीला थांबण्याची केलेली विनंती! शिवाय क्लच असा, की पाय जरा सैल पडला की गाडी उडीच मारते.

म्हणजे ऑस्टिन सरस होती म्हणून टिकली, असं नाही.

ब्रिटनमध्ये १९२१ पासून दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर बसला आणि मोठी इंजिनं जड जाऊ लागली. कंपनीचे संस्थापक हर्बर्ट ऑस्टिन यांनी अठरा वर्षांच्या स्टॅन्ली एज या ड्राफ्ट्समनला घरी बसवून या गाडीचे आराखडे काढून घेतले. १९२२ साली गाडी आली. इंग्रजी 'ए' अक्षरासारखी चासी (गाडीचा खालचा सांगाडा), लवकरच ७४७ सीसीचं झालेलं साधंसुधं साइड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या शेजारी असलेलं) इंजिन, आणि ते बाहेर काढायला दोन माणसं पुरेशी. १९३९ पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. मूळ आराखडा फारसा बदलला नाही, त्यामुळे थोडी खटपट केली की एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला बसतो. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

याउलट १९२८ च्या मॉरिस मायनरचं इंजिन पाहा. ओव्हरहेड कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा इंजिनाच्या माथ्यावर), म्हणजे कागदावर वरचढ. पण कॅमशाफ्ट फिरवणारा शाफ्ट वीज बनवणाऱ्या उभ्या डायनॅमोमधून गेलेला, आणि वरचं तेल झिरपायचं थेट डायनॅमोत. कंपनीनेच पुढे साइड व्हॉल्व्हची वाट धरली.

युद्धानंतर नव्या गाड्या बहुतेक निर्यातीला जात. तरुणांच्या हाती लागायची ती जुनी, स्वस्त सेव्हन. १९३९ साली सुरू झालेल्या ७५० मोटर क्लबने तिच्यासाठी शर्यती ठेवल्या. पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी गाजलेल्या लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची पहिली लोटस १९४८ साली सेव्हनवरच उभी राहिली. बॉडीचा लाकडी सांगाडा तसाही कुजायचा; तो फेकायचा, चासी-इंजिन ठेवायचं आणि वर ॲल्युमिनियमची स्पोर्ट्स बॉडी चढवायची. भंगारात जाणाऱ्या कितीतरी सेव्हन अशा वाचल्या, पण प्रत्येक अर्धीच; बॉडी गेली ती गेलीच.

त्या काळी कवडीमोल असलेल्या बंद सलून, म्हणजे पक्क्या छताच्या गाड्याच या हौसेत सर्वाधिक सोलल्या गेल्या. आज क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडासुद्धा नवा करून मिळतो. मूळ बॉडीची जुनी सलून मात्र सहजी मिळत नाही.