पोटाची शस्त्रक्रिया आणि डोळ्यांचा कोरडेपणा

मे महिन्यात यवतमाळ-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की डोळे चुरचुरणे, लाल होणे, वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे याला गावात कोणी आजार मानत नाही. ‘ऊन लागलं’ असे म्हणून माणूस दुपट्ट्याने डोळे पुसतो आणि कामाला लागतो. बहुतेकदा ते खरेही असते. मात्र ज्याने नागपूरला जाऊन वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्याने सगळा दोष उन्हावर टाकण्याआधी थोडा विचार करावा.

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचे जेमतेम ३ मायक्रोमीटर जाडीचे पटल असते. त्यात पाणी असते, ते पाणी डोळ्याला धरून ठेवणारा श्लेष्मा असतो, आणि पाणी उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा तवंग असतो, अगदी तर्रीवर असतो तसा. हे तेल पापण्यांच्या कडेला उघडणाऱ्या मायबोमियन ग्रंथींतून पाझरते. लठ्ठपणात रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडते, शरीरभर मंद दाह धुमसत राहतो, आणि अशा रुग्णांत या ग्रंथींचे तेल घट्ट होऊन त्यांची तोंडे तुंबल्याचे अनेकदा आढळते. झोपेत श्वास अडणाऱ्या काही स्थूल रुग्णांच्या वरच्या पापण्या तर इतक्या सैल होतात की रात्री उशीवर घासून त्या उलटतात.

वजन उतरले की दाह ओसरतो, साखर आटोक्यात येते, झोप सुधारते. तेव्हा डोळ्यांनाही त्याचा लाभ व्हावा, ही अपेक्षा रास्त आहे. तरीही शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर अश्रू मोजून पाहणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकाच दिशेने जात नाहीत. माझ्या मते यातला कळीचा मुद्दा ‘अ’ जीवनसत्त्वाचा आहे.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो, त्यामुळे खाणेच कमी होते. ‘बायपास’मध्ये त्याशिवाय अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते आणि पित्ताशी त्याची गाठ उशिरा पडते. ‘अ’ जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे असल्याने ते शोषले जाण्यासाठी पित्त लागते. यकृतात त्याचा काही महिने पुरेल इतका साठा असतो, म्हणून उणीव लगेच जाणवत नाही. ती दिसू लागते तोवर नागपूरच्या फेऱ्या थांबलेल्या असतात आणि गोळ्यांची पाकिटेही संपलेली असतात. मग श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी घटतात, बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागाची चमक जाते, त्यावर साबणाच्या फेसासारखे बिटोचे ठिपके उमटतात, आणि दुर्लक्ष झाल्यास बुबुळच मऊ पडू लागते. पाच वर्षांखालील मुलांना याचसाठी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाजला जातो, हे गावातल्या आशाताईंना ठाऊक असते. कालपर्यंत सव्वाशे किलो वजन असलेल्या माणसात कुपोषण शोधण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

कोरडेपणा मोजण्याची शर्मर चाचणी अगदी साधी आहे. खालच्या पापणीत ५ मिलिमीटर रुंदीची टिपकागदाची पट्टी अडकवतात आणि ५ मिनिटांत ओल किती सरकली ते पाहतात. ५ मिलिमीटरही सरकली नाही, तर अश्रू फार कमी आहेत असे समजतात. पण त्याहून आधी एक प्रश्न विचारावा: दिवेलागणीनंतर गोठ्यात गाईचे दावे सोडताना चाचपडावे लागते का? ‘हो’ असे उत्तर आले, तर तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेतून येणारा रातांधळेपणा असू शकतो; मग नुसत्या थेंबांनी भागणार नाही, रक्ततपासणी हवी.

अंबाडी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी थोड्या तेलात परतून जरूर खावी, पण बदललेल्या आतड्याला तेवढे पुरत नाही. गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्याही मनाने वाढवू नयेत, विशेषतः मूल होऊ देण्याच्या वयातील स्त्रियांनी, कारण या जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला घातक ठरतो. तालुक्याला डोळे दाखवायला जाताना शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे, कारण डोळ्यांचे डॉक्टर पोटाबद्दल आपणहून विचारतीलच असे नाही.